फणसाचे ओंडके परसातच चिरायचे आहेत – मोठा चेनसॉ कोणता घ्यावा?

फणसवाडी
नमस्कार मंडळी. आमचं जुनं घर दापोली तालुक्यात आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात परसातले दोन फणस मुळासकट आडवे झाले. फांद्या चुलीला गेल्या, बुंधे गडग्याला लागून तसेच राहिले. पाच पावसाळे अंगावर घेतले त्यांनी. वरचं पांढरं लाकूड किड्याने पोखरलंय, पण परवा कोयत्याने तासून बघितलं तर आत पिवळाधमक गाभा, वाजवला की टणटण आवाज. आजोबांनी लावलेली झाडं आहेत, सरपणाला द्यायची नाहीत.

मोठ्या ओंडक्याचा घेर साडेसात फूट, लांबी दहा फूट. धाकट्याचा घेर सव्वासहा, लांबी साधारण तेवढीच. माळ्याच्या कुजलेल्या फळ्या बदलायच्या आहेत आणि पडवीत झोपाळ्याला एकसंध पाट हवा आहे. घरापर्यंत पाखाडी आहे, ट्रक खालच्या रस्त्यापर्यंतच येतो. ओंडका उचलून गिरणीत नेणं जमणारं नाही, म्हणून जागेवरच चिरायचं ठरवलं.

घरात ५८ सीसीचा चायना कटर, म्हणजे साखळीची करवत, आहे. त्याने उभा चीर, म्हणजे लाकडाच्या धाग्यांच्या दिशेने, घालून पाहिला. वीस मिनिटांत जेमतेम अर्धा फूट गेला आणि मशीन इतकं तापलं की बंद केलं. डीलर म्हणतो १२० सीसीचंच घ्या. मशीन, पातं, साखळ्या, मिल (पात्याला बसवायची फळ्या काढायची चौकट) सगळं धरून दीड लाखाच्या वर जायची माझी तयारी नाही. काय घेऊ?

रानवाटा
दादा, आधी घेराला ३.१४ ने भागा. साडेसात फूट म्हणजे ९० इंच, जाडी भरते साडेअठ्ठावीस इंच. धाकटा २४ इंची. या दोन आकड्यांवर सगळी खरेदी ठरते. वाटेत पांढरं लाकूड कमी होईल ते वेगळं.

अलास्कन मिल लावली की पात्याची पूर्ण लांबी वापरता येत नाही. दोन्ही टोकांना पकड बसते, त्यात चार-पाच इंच जातात. म्हणजे तुम्हाला ३६ इंची पातं पाहिजे. ३० इंचीत मोठा ओंडका अडकेल.

जुना करवती
माझे वडील करवतवाल्यांच्या जोडीत होते. ओंडका घोडीवर चढवायचा, एक जण वर, एक खाली, मधे सहा फुटी करवत. गेरूत भिजवलेल्या दोरीने सूत मारायचं आणि दिवसभर त्या रेघेवरून हलायचं नाही. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा म्हणून तो डोक्याला पंचा गुंडाळून असायचा. आडवा काप कोणीही घालतो. उभा चीर वेगळी विद्या आहे आणि त्याच्या करवतीचे दातही वेगळे असत. तुमच्या ५८ च्या मशीनला नुसती ताकद कमी पडली असं समजू नका. साखळी कुठली होती?

फणसवाडी
काका, मशीनबरोबर आली तीच. दाताच्या कोनाचं मला काहीच माहीत नव्हतं.

वायकाटोकर
मी न्यूझीलंडमध्ये असतो. इथे शेताच्या कडेला मॅक्रोकार्पाची जुनी झाडं असतात. ती पडली की लोक जागेवरच फळ्या काढतात, मीही सहा-सात वर्षं हेच करतोय. करवतीकाकांनी नेमकं दुखणं पकडलंय.

नेहमीच्या साखळीचा दात वरून ३० अंशांत घासलेला असतो. तो आडव्या कापासाठी, धागे तोडायला. मिलमध्ये दात पूर्ण रुंदीभर धाग्यांच्या टोकांवर आदळत राहतो. तिथे ३० अंशांचा दात बाजूला ओढ घेतो, पातं थरथरतं, फळीवर लाटा उठतात आणि मशीनवर भार येतो. उभ्या चिराची साखळी १० अंशांच्या आसपास घासलेली येते. तिचा वेग फार वाढत नाही, पण चीर सरळ जातो आणि फळी रंध्याला कमी लागते.

आता मशीन. कंपनीच्या पत्रकातलेच आकडे देतो. स्टिल एमएस ६६१ : ९१.१ सीसी, ५.४ किलोवॅट, ७.४ किलो. स्टिल एमएस ८८१ : १२१.६ सीसी, ६.४ किलोवॅट, ९.९ किलो. हस्कवर्ना ३९५ एक्सपी : ९३.६ सीसी, ४.९ किलोवॅट, ७.९ किलो. ३१२० एक्सपी : ११९ सीसी, ६.२ किलोवॅट, १०.४ किलो. वजनं पातं-साखळीशिवाय, टाक्या रिकाम्या धरून.

६६१ वरून ८८१ वर गेलात तर सीसी आणि वजन दोन्ही तेहतीस-चौतीस टक्क्यांनी वाढतात, ताकद मात्र साडेअठरा टक्केच. पातं, साखळी, मिल आणि भरलेल्या टाक्या धरल्या की १२० सीसीचा सरंजाम वीस किलोच्या घरात जातो. तो दिवसभर उचलायचा, प्रत्येक फळीनंतर परत मागे आणायचा. माझ्याकडे ३९५ आहे, ३६ इंची पात्यावर. अठ्ठावीस इंचाच्या फणसाला नव्वद सीसीचा वर्ग पुरतो. चाळीस इंचाचा रायवळ आंबा चिरायचा असता तर मी डीलरच्या बाजूने बोललो असतो.

मशीनदुरुस्ती, चिपळूण
रोज हीच मशीनं उघडतो म्हणून लिहितो. उभ्या चिरात मशीन सलग दहा-दहा मिनिटं पूर्ण थ्रॉटलवर असतं. झाडं तोडणाऱ्याचं मशीन कधीच इतकं सलग चालत नाही. म्हणून ५८ ने दम सोडला, आणि म्हणूनच ७० सीसीच्या चांगल्या मशीनलाही मी २४ इंचांच्या पुढे नेत नाही.

तेल-पेट्रोल : चांगल्या प्रतीचं टू-स्ट्रोक तेल असेल तर लिटरला २० मिली, म्हणजे ५० ला १. मापाची बाटली ठेवा, अंदाजाने ओतू नका. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. आपल्या कोकणच्या हवेत महिनाभर कॅनमध्ये ठेवलेलं पेट्रोल मी मशीनमध्ये घालू देत नाही. त्या दिवशी लागेल तेवढंच मिसळा. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर कार्ब्युरेटरचा पडदा कडक होऊन बसतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या कितीतरी मशीनना एवढंच झालेलं असतं.

कार्ब्युरेटरला स्क्रू असतील तर मिलिंगसाठी मिश्रण थोडं जाड, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, ठेवतात. कोरडं, म्हणजे पेट्रोल कमी, ठेवलं की भारात पिस्टन खरवडतो. चीर संपल्यावर लगेच बटण बंद करू नका, मिनिटभर संथ चालू द्या, आतली उष्णता बाहेर पडते.

साखळीला जळकं इंजिन ऑइल घालायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. त्यात लोखंडाची बारीक पूड असते, पात्याची खाच तीच खाते. साखळीचं तेल वेगळं घ्या. ३६ इंची पात्याला मशीनचा पंप टोकापर्यंत नीट पुरत नाही, त्यामुळे पात्याच्या टोकाला थेंब-थेंब तेल सोडणारी जोडटाकी मिलवर लावून घ्या.

कोकणलाकूड
त्या महागड्या मशीनच्या आकाराची चायना कॉपी मिळते ना, ९२ सीसीची? किंमत पाव. मी घेतली होती. पहिला ओंडका निघाला.

मशीनदुरुस्ती, चिपळूण
दुसरा?

कोकणलाकूड
दुसऱ्याच्या मध्यावर बंद पडलं. सायलेंसर काढून बघितलं तर पिस्टनवर उभे ओरखडे. सुटे भाग मिळाले, सिलेंडर बदलला, तो बसवणाऱ्याचे पैसे वेगळे. शेवटी जुनं अस्सल मशीन घेतलं. आता वाटतं, आधीच घेतलं असतं तर.

मशीनदुरुस्ती, चिपळूण
जुनं घेताना हेच करा. सायलेंसर खोला, बाहेर जायच्या भोकातून बॅटरीने पिस्टन बघा. गुळगुळीत, करडा असेल तर ठीक. उभे चरे असतील तर दाम कितीही पाडून दिला तरी सोडा. दोरी सावकाश ओढून बघा, कॉम्प्रेशन हाताला जाणवलं पाहिजे. पात्याच्या मुळाजवळची खाच बघा, तिथे रुंदावलेली असेल तर मालकाने मशीन तेलाविना चालवलंय.

सुतारकी
मी जुन्या घरांची लाकडी कामं करते. चिरण्याआधी हिशेब मांडून घ्या, नाहीतर चांगला गाभा भुशात जाईल.

गिरणीवाले मोजतात तसं : घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ९० इंचांचा चौथा भाग साडेबावीस. त्याचा वर्ग ५०६, भागिले १४४, गुणिले १० फूट. पस्तीस घनफूट येतात.

३/८ च्या (३/८ इंच हे साखळीच्या कड्यांमधलं माप) साखळीचा चीर साधारण ८ मिमी, म्हणजे अडीच सूत; आठ सूत म्हणजे एक इंच. गिरणीच्या पट्टा-आऱ्याचा एक सूत. दीड इंची, बारा सुतांच्या बारा फळ्या काढल्या तर चेनसॉच्या भुशात तीस सूत गेले, पावणेचार इंच. पट्टा-आऱ्यावर बारा सूतच गेले असते. म्हणजे परसात चिरण्यापायी दीड फळी जास्त जाते. तुमच्या जागेचा विचार करता मला हा सौदा पटतो, पण पातळ फळ्या चेनसॉने काढू नका, भुसाच जास्त होईल. ०.४०४ च्या साखळीचा चीर याहून रुंद. नव्वद सीसीला ३/८ चीच साखळी घ्या.

आणखी एक सांगते, झोपाळ्याच्या पाटासाठी दोन इंची फळी काढा. वाळताना बाक घेईल, रंध्यात जाईल, शेवटी पावणेदोन राहील. झोपाळ्याला तेवढी जाडी हवीच.

रानवाटा
ताई, गाभा मधोमध कसा चिरायचा?

सुतारकी
अगदी मधला दोन-तीन इंचांचा भाग, जिथून भेगा फुटतात, तो एका फळीत अडकवून वेगळा काढते. त्याच्या वासे-रिपा होतात. झोपाळ्याचा पाट मध्याच्या बाजूच्या फळीतून घ्या, मध्यातून नको.

जुना करवती
घरालगतच्या फणसात खिळे असतात. कपड्यांच्या तारेचे, म्हशीच्या दाव्याचे, आकाशकंदिलाचे. झाड त्यांना गिळून टाकतं, बाहेरून ओळखू येत नाही. चीर घालताना लाकडावर निळसर काळा डाग दिसला की हात थांबवा. तिथे लोखंड आहे.

वनखात्यातून निवृत्त
यंत्राबरोबर कागदही बघा. आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडं महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत. झाड आपल्या आवारातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. तुमची झाडं वादळात पडली, तलाठ्याचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत जपून ठेवा. ओंडके किंवा फळ्या आवाराबाहेर न्यायच्या झाल्या तर आधी वाहतूक पासचं विचारून घ्या.

यांत्रिक आऱ्यांवर परवान्याची बंधनं आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयातल्या जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यानंतर ती फार कडक झाली. म्हणून माझा आग्रह आहे : मिल आणण्याआधी वनक्षेत्रपालांना साधा अर्ज द्या. स्वतःच्या आवारातले, वादळात पडलेले दोन ओंडके स्वतःच्या घरासाठी चिरणार, एवढंच लिहा, पंचनामा जोडा, उत्तर लेखी घ्या. आणि पैसे घेऊन दुसऱ्याचं लाकूड चिरायला जाऊ नका.

फणसवाडी
काका, हे सुचलंच नव्हतं. पंचनाम्याची प्रत आईने कपाटात ठेवलेली सापडली. उद्याच अर्ज देतो.

मशीनबद्दल डोक्यात उजेड पडला. नव्वद सीसी, ३६ इंची पातं, ३/८ ची उभ्या चिराची साखळी. साखळ्या किती घेऊ?

वायकाटोकर
तीन. ३६ इंची पात्याला ११४-११५ ड्राइव्ह लिंक (पात्याच्या खाचेत फिरणाऱ्या कड्या), म्हणजे सत्तावन्न दात. सुके फणस असतील तर प्रत्येक फळीनंतर धार बघावी लागेल. भुसा जाडसर कणांऐवजी पिठासारखा पडू लागला, किंवा मिल ढकलावी लागली, की धार गेली. बोथट साखळीने मशीन तापतं आणि दोष मशीनला दिला जातो. मी दर फळीनंतर प्रत्येक दाताला दोन वेळा कानस मारतो, दहा मिनिटांचं काम. स्टिलच्या ३/८ ला ५.२ मिमीची गोल कानस, बाकी बहुतेक कंपन्यांच्या ३/८ ला ५.५ ची. डब्यावर लिहिलेलं पाहून घ्या. कोन धरायची पट्टी सुरुवातीला लावाच, डोळ्याच्या अंदाजाने १० अंश लागत नाहीत. खोलीचे टेकू (दात किती खोल खाईल ते ठरवणारे, दातापुढचे) दर चार-पाच धारांनंतर सपाट कानशीने उतरवायचे, सुक्या कठीण लाकडाला फार खाली नेऊ नका.

डीलरकडे एवढंच ठरवून जा : पातं, साखळी आणि मशीनचा साखळी फिरवणारा दातेरी गट्टू, तिन्ही ३/८ चेच हवेत. गट्टू ०.४०४ चा आणि साखळी ३/८ ची असं झालं तर पहिल्याच दिवशी साखळी खराब होते.

पहिला चीर सगळ्यात महत्त्वाचा. ओंडका गोल, मिलला टेकायला सपाट काहीच नाही. अॅल्युमिनियमची सरळ शिडी वर ठेवा, पाचरा घालून पातळी काढा, दोन्ही टोकांना स्क्रूने पक्की करा आणि मिल तिच्यावरून सरकवा. पुढच्या प्रत्येक फळीला आधीच्या चिराचाच आधार मिळतो. स्क्रू पात्याच्या वाटेत येत नाहीत ना, हे दोनदा मोजा.

ओंडक्याचं एक टोक फूटभर उंच करा. उतारावर मिल स्वतःच्या वजनाने पुढे सरकते, पाठ वाचते. चीर दोन-तीन फूट पुढे गेला की मागे पाचरी ठोका, वरची फळी बसून पातं दाबलं जाऊ नये.

रानवाटा
कानाला मफ, नाकाला चांगला मास्क, पायात जाड बूट. फणसाची पिवळी धूळ घशात बसली की दोन दिवस खोकला. एकट्याने करू नका.

फणसवाडी
तीन महिन्यांनी परत लिहितोय. सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

अर्जाचं लेखी उत्तर आलं, स्वतःच्या वापरासाठी हरकत नाही म्हणून. मग मशीन घेतलं. ९१ सीसीचं, ३६ इंची पातं, तीन साखळ्या. डीलरने आधी ०.४०४ चा गट्टू लावून ठेवला होता. वायकाटोकरांनी सांगितलं नसतं तर मी बघितलाही नसता. समोर बसून बदलून घेतला.

पहिला रविवार शिडी आणि पाचरांतच गेला. करवतीकाकांच्या सांगण्यावरून गेरूने सूत मारून घेतलं, दोन्ही टोकांवर ओळंबा धरून रेघा ओढल्या. मशीन चालू केलं तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. पहिली साल उतरायला चौदा मिनिटं लागली. वर उचलून पलटली आणि आतला रंग दिसला तेव्हा आई खळ्यातून उठून आली. तिने त्यावरून हात फिरवला, बोलली काही नाही.

पुढच्या फळ्यांना दहा-बारा मिनिटं. चौथ्या फळीत निळा डाग दिसला. थांबलो, पटाशीने खणलं तर बोटभर लांब गंजलेला खिळा निघाला. काका, साखळी तुमच्यामुळे वाचली.

मोठ्या ओंडक्यातून दीड इंचाच्या नऊ आणि दोन इंचाच्या दोन फळ्या निघाल्या. टोकांचे सहा-सहा इंच भेगाळलेले होते, ते कापून टाकले. सर्वांत रुंद फळी पांढरं काढून चोवीस इंच भरली, झोपाळ्याला तीच ठेवली आहे. सुतारकीताईंनी म्हटलं तसा मधला भाग वेगळा काढला.

सुतारकी
फार छान झालं. फळ्या रचल्या कशा आहेत?

फणसवाडी
पडवीत, जमिनीपासून दीड फूट वर, चिऱ्यांवर. मधे दर दोन फुटांवर इंचाच्या रिपा, सगळ्या एका ओळीत. टोकांना मेण लावलं. वर गडग्याचे दगड वजनाला.

सुतारकी
इंचाला एक वर्ष धरतात. तुमचे ओंडके पाच वर्षं पडून होते तरी आत ओल असतेच, फळी मोकळी झाली की ती बाहेर यायला लागते. माळ्याच्या फळ्यांना पुढचा पावसाळा जाऊ दे. झोपाळ्याच्या पाटाला दोन. रिपांच्या खाली भुंग्याचा भुसा दिसतो का ते महिन्याला बघा. पांढरं लाकूड कुठे राहिलं असेल तर बोरॅक्स-बोरिक अॅसिडचं पाणी ब्रशने मारा, गाभ्याला त्याची गरज नाही.

रानवाटा
दादा, तुमची मिल मोकळी असेल तेव्हा आठवडाभर द्याल का? आमच्या मांगरामागे किंजळाचा एक ओंडका पडलाय, सव्वीस इंची. मशीन माझ्याकडे आहे, मिल नाही.

फणसवाडी
धाकटा फणस अजून चिरायचाय, दिवाळीनंतर हात घालेन. त्याआधी केव्हाही घेऊन जा. किंजळही अनुसूचीत आहे, वनक्षेत्रपालांचं पत्र आधी हातात घ्या. शिडी इथलीच न्या, सरळ आहे. साखळी मात्र तुमची आणा.